अकरा जणींच्या बांगड्या

आमच्या घरी स्वतःला कोणी श्रीमंत म्हणत नसे. "आपलं बरं हाय," एवढंच म्हणत. गरीब हा शब्द मात्र रोजच्या वापरातला होता आणि जनावराची जात सांगावी तितक्या सहज तो तोंडात येई. गरिबाला थंडी कमी वाजते. गरिबाच्या तोंडाला चव नसते. गरिबाचं पोर पडलं तरी त्याला फारसं लागत नाही. ही वाक्यं मी डाळ निवडताना, वेणी घालून घेताना, पंक्तीत जेवताना ऐकली आणि ती खरी मानली. बोलणारी माणसं मनानं वाईट नव्हती, असं लिहून पुढे जाण्याची आपल्याकडे रीत आहे. मी ती पाळणार नाही. त्या माणसांचं मन मला माहीत नाही. त्यांनी काय केलं ते माहीत आहे, आणि मी काय केलं तेही.

गाव किन्हीराजापासून चार कोसांवर. घरात प्रत्येक वस्तू दोन प्रकारची असे. तेलाची बरणी दोन: आमच्या भाज्यांना शेंगदाण्याचं, कामावरच्या बायांच्या कालवणाला जवसाचं. गूळ दोन: पिवळा कोठीत, काळा ओसरीवरच्या मडक्यात. काळ्या गुळाला मुंग्या लागत आणि त्या मुंग्यांसकट तो वाटला जाई. भाकरीसुद्धा दोन. आमची टाळकी जातीच्या पांढऱ्या ज्वारीची. बायांची, तुरीची डाळ भरडल्यावर जो चुरा उरतो त्या कळण्याची, जाड आणि काळपट. एकदा मी कळण्याची भाकर मागून खाल्ली. मला ती फार आवडली आणि मी तसं बोलले. काकूनं माझ्या ताटातून ती उचलून परसात टाकली. "त्यायच्या खाण्याचं कौतुक नाई करू," ती म्हणाली. "उद्या त्या आपल्या खाण्याचं करतीन."

काकू म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. काका बहुतेक शेतावर असत, माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, ते कोर्टकचेरीत, आणि माझी आई स्वयंपाकघरात गप्प. घर काकूचं होतं. ती ठेंगणी, गोरी, हातानं अतिशय लहान. तिच्या हातांचं घरात कौतुक होतं. बांगडीचं सव्वादोनचं माप तिला सैल व्हायचं. पाहुण्या बायका तिचा तळवा आपल्या तळव्यावर ठेवून पाहत आणि ती त्यांना पाहू देई. तिला वाटे की असे हात चांगल्या घरात जन्मल्याने मिळतात. काम केल्याने हाताचं हाड रुंद होतं आणि बोटांची पेरं सुजून घट्ट बसतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

माझं लग्न ठरलं ते मंगरूळपीरला. मुलगा मॅट्रिक झालेला, सासऱ्यांचा सरकी आणि कापसाचा व्यापार, आणि त्यांच्या घरी दर आठवड्याला टपालाने वर्तमानपत्र येतं, असं दादा सांगत आले होते. बाकी सगळं मी विसरून गेले, वर्तमानपत्राचं लक्षात ठेवलं. आमच्या गावात छापील कागद यायचा तो फक्त पुडीचा. हळदीच्या पुडीवरची अर्धी बातमी वाचून उरलेली अर्धी मी मनाने जोडत असे. मला हे लग्न हवं होतं. तेव्हाच्या मुली लग्नाला घाबरत, रडत, असं लिहिलं जातं. मी घाबरले नव्हते. हे इथे स्पष्ट लिहिणं भाग आहे, कारण पुढे जे झालं त्याला भीती हे कारण देता येणार नाही.

लग्नघरात गावातल्या बायांना बांगड्या भरण्याची चाल होती. लग्न ज्यांच्या घरचं, त्यांनी बांगडीवालीला बोलवायचं आणि भावकीपासून कामाच्या बायांपर्यंत सगळ्यांचे हात भरून द्यायचे. गावकुसाबाहेरच्या बायांना आमच्या अंगणात येऊ देत नसत. बांगडीवाली नंतर तिकडे जाऊन त्यांना भरून येई. अंगणात ज्या बसत त्यांच्यातल्या अकरा जणी दळणाच्या होत्या. लग्नाचं पीठ त्यांनीच दळायचं. घरच्या पाच सवाष्णी जात्याला हळकुंड बांधून एकेक मूठ टाकत, गाणं म्हणत आणि उठून जात. त्यानंतरचे पाच दिवस जातं ओढायचं काम या अकरा जणींचं. चार जाती एकदम सुरू झाली की त्यांची घरघर पाणवठ्यापर्यंत ऐकू जाई आणि भिंतीवरची भांडी बारीक थरथरत.

बांगडीवालीचं नाव राबियाबी. ती मंगरूळच्या दर्ग्यामागच्या गल्लीतली. आमचं गाव आणि आसपासची सहा गावं तिच्या सासूपासून तिच्याकडे चालत आलेली. दुसरी बांगडीवाली तिथे येत नसे. पन्नाशीची, उंच, तोंडात कायम लवंग. ती हात धरायची तेव्हा आधी अंगठ्याच्या बुडाशी दाबायची आणि बाईला काहीतरी विचारायची. बाई उत्तर देण्यात गुंतली की बांगडी चढलेली असे. माझ्या आईला तिने एकदा विचारलं, "नवरा मारते का?" आई हसली आणि चार बांगड्या चढल्या. आईला तसं हसताना मी फार वेळा पाहिलं नाही.

काकूने दोन प्रकारची मागणी दिली होती. घरच्यांसाठी आणि पाहुण्यांसाठी सोनेरी रेघ असलेल्या हिरव्या. कामाच्या बायांसाठी साध्या हिरव्या. साध्यांचा जुडा राबियाबीने सोडला, एक बांगडी उचलून डोळ्यासमोर धरली आणि काकूकडे पाहिलं.

"बाईसाब, ह्या सगळ्या सव्वादोनच्याच सांगतल्या तुमी?"

"मंग? मोठ्या घेतल्या तर काच जास्त लागते."

"कामाच्या हाताले हे माप नाई चालत. केसरचाच हात घ्या. अडीचच्या खाली जाईन का?"

"फुकटात भेटून राह्यल्या," काकू म्हणाली. "फुकटात माप पाह्यते का कोनी? साबन लाव आन चढव."

केसर या अकरा जणींमध्ये सर्वांत मोठ्याने हसणारी. नवरा दोन वर्षांपासून खोकल्याने अंथरुणावर, तरी ती हसायची. तिने हात पुढे केला. राबियाबीने साबण लावला, दाबलं, विचारलं, "धनी कसा हाय?" बांगडी पेरापाशी अडकली. तिने ती परत काढली, कपड्याने पुसली आणि जुड्यात ठेवली. दुसऱ्या बाईचा हात घेतला. तिथेही अडकली. जोर केला असता तर तुटली असती, आणि लग्नघरात भरताना बांगडी तुटणं, आमच्याकडे म्हणतात तसं 'वाढणं', हा अपशकुन. तोवर काकू पाहुण्यांना पाणी द्यायला आत गेली होती. राबियाबीने आपल्या पेटाऱ्याच्या तळातून सोनेरी रेघेच्या बांगड्या काढल्या. त्या अडीचच्या आणि पावणेतीनच्या, शिरपूरच्या देवळाला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी ठेवलेल्या. साध्यांच्याच भावात तिने त्या अकरा जणींना भरल्या. मी ओसरीवरून पाहत होते. एकही तुटली नाही. शेवटच्या बाईला भरून झाल्यावर तिने हात झटकले आणि म्हणाली, "जा वं, लगीनघर हाय, हात वाजवत जा."

त्या हात वाजवत गेल्या. केसर फाटकापाशी वळली आणि ओसरीकडे हात वर करून मला दाखवला. तिला वाटलं मला आनंद होईल. सोनेरी रेघ उन्हात चमकली. माझ्या हातातही तीच होती. आता इतक्या वर्षांनी त्या क्षणी मला काय वाटलं ते नेमकं सांगता येतं: माझ्या हातातली बांगडी मला एकदम स्वस्त वाटली. मी आत गेले आणि म्हणाले, "काकू, माह्यावाल्या बांगड्या केसरच्या हातात हायेत."

एवढंच बोलले. काकूने दोन प्रश्न विचारले आणि फाटकावरच्या गड्याला पाठवलं: बायांना म्हणावं नारळ द्यायचा राहिला. त्या अकराच्या अकरा परत आल्या, पदर सावरत, नारळ घ्यायला.

काकूने राबियाबीला सांगितलं, उतरव. राबियाबी म्हणाली, "चढवता येते बाईसाब, उतरवता नाई येत. उतरवाची म्हनलं तर फोडा लागते. आन सवाष्नीच्या हातची बांगडी मी फोडत नसतो." वऱ्हाडात कष्टाच्या बाया रागावल्या की 'मी करतो' असं बोलतात, राबियाबीचं तसं बोलणं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. काकूने स्वयंपाकघरातून खलबत्त्यातला बत्ता आणला. लोखंडी, हातभर लांब. पाट्यावर एकेकीचा हात ठेवायला लावून तिने तिच्या त्या लहान हातांनी अकरा जणींच्या बांगड्या फोडल्या. कोणी विरोध केला नाही. बाहेर गडी उभे होते आणि पुढे आमच्या कापसाच्या वेचणीचा हंगाम होता. केसरच्या मनगटाला काच लागून रक्त आलं. ती एकदाच बोलली, "माहा धनी जिता हाय वं बाई." काकू म्हणाली, "मंग घरी जाऊन त्याले सांग, बायकोची ऐपत काय हाय ते." नारळ दिले नाहीत.

नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडतात. हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही, आणि काकूलाही ते कोणी समजावायला नको होतं. आई दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी माझे हात पदराखाली घेतले होते.

तिसऱ्या दिवशी दळण सुरू व्हायचं होतं. पाच सवाष्णींनी मुठी टाकल्या, गाणं म्हटलं आणि उठल्या. उन्हं अंगणात आली तरी दळणाऱ्या आल्या नाहीत. गडी बोलवायला गेला तेव्हा त्या आल्या, अकराही जणी, आणि फाटकाच्या आत येईनात. हात कोपरापर्यंत उघडे, मोकळे. दादा स्वतः फाटकापाशी गेले.

"काहून उभ्या राह्यल्या? जाते वाट पाहून राह्यले."

केसर म्हणाली, "दादासाब, रिकाम्या हातानं लगनाच्या जात्याले शिवता येते का? तुमच्याच घरची रीत हाय. मांगच्या लगनात तुमच्या आत्याबाईले तुमी लांब बसवलं होतं."

"मंग बांगड्या घाला. घरी जुन्या असतीन नं?"

"जुन्या कामात फुटल्या, त्यायच्या जागी भरल्या त्या तुमच्या घरी फुटल्या. घरात दुसऱ्या नाईत." ती जराही आवाज चढवून बोलत नव्हती. "आमी तयार हाओ. तुमी म्हना का बोडक्या हातानं दळा, आमी दळतो. वऱ्हाडी लोकाईले काय सांगाचं ते तुमी पाहा."

दादा वकिलांशी बोलणारे गृहस्थ. त्यांना हे वाक्य कुठे जाऊन लागेल ते लगेच कळलं. त्यांनी घरात राहिलेला साध्या बांगड्यांचा जुडा मागवला. सव्वादोनची बांगडी एकीच्याही हातात जाईना. अकरा हात पुढे आले, अकरा वेळा बांगडी पेरापाशी अडकली, आणि मागे उभ्या राहिलेल्या एका बाईला हसू आलं. ते हसू आमच्या घराने कधीच विसरलं नाही. राबियाबी तोवर शिरपूरला निघून गेली होती.

मग आमच्या घरच्या बायका जात्यावर बसल्या. आई, दोन मावश्या, तीन चुलत बहिणी आणि काकू. काकू जन्मात पहिल्यांदा दळत होती. तिच्या जात्यातून भरडा पडत होता, पीठ नव्हे. दुपारपर्यंत तिचा तळवा फुटला. मला नवरी म्हणून दळू दिलं नाही. मी बसून ऐकत होते. एकच जातं नीट चाललं होतं, आईचं. ती लहानपणी कुठल्या घरातून आली हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. संध्याकाळी पीठ मोजलं नाही, नुसतं पाहिलं, आणि ते शंभर माणसांनाही पुरणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझे होणारे सासरे दमणीतून आले. बातमी मंगरूळला पोचली होती. त्यांनी वाटेत शिरपूरवरून राबियाबीला बरोबर घेतलं होतं. ती बैलगाडीमागून चालत आली. सासरे जाड, सावकाश बोलणारे, शकुनाला फार मानणारे. त्यांनी चहा घेतला नाही. अंगणात खाटेवर बसले, केसरला बोलावलं, काकूला ओसरीवर उभं राहायला सांगितलं.

"तुमच्या मांडवात अकरा सवाष्नीचे हात बोडके केले, असं मी आयकलं," ते दादांना म्हणाले. "बांगड्या भरताना वाढल्या असतीन तर तो बांगडीवालीचा दोष. घरच्यायनं फोडल्या असतीन तर मी ह्या घरातली पोरगी नेत नाई. माह्या एकाच पोराचं लगीन हाय."

दादा म्हणाले, भरताना वाढल्या. काकू म्हणाली, भरताना वाढल्या, मापाच्या आणल्या नव्हत्या हिने. केसर म्हणाली, "बत्त्यानं फोडल्या," आणि मनगट पुढे केलं. सासऱ्यांनी मनगटाकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, मजुराचं आणि मालकाचं मी ऐकत नाही, दोघांनाही कारण असतं. "पोरीले इचारा. ती उद्या माह्या घरात येनार. खोटं बोलून आली तर तिलेच भोगा लागन."

मला बाहेर आणलं. त्यांनी विचारलं, "तू पाह्यलं?"

"पाह्यलं."

"कशा गेल्या?"

राबियाबी माझ्यासमोर चार हातांवर उभी होती, पेटारा खांद्याला. केसर तिच्या शेजारी. मला दोघींचीही तोंडं दिसत होती. आवाज कापला, शब्द सुचेनात, असं काही झालं नाही. पुढे मी अमरावतीच्या एका दैनिकात एकवीस वर्षं बातम्या तपासल्या. बातमीदार खोटं लिहितो तेव्हा त्याचं वाक्य बहुधा छोटं आणि नीटस असतं, हे मला तिथे कोणी शिकवावं लागलं नाही.

"भरताना वाढल्या," मी म्हणाले. "माप लहान होतं."

यातलं दुसरं वाक्य खरं होतं. सासऱ्यांनी मान हलवली आणि चहा मागितला. चहा पिताना त्यांनी निकाल दिला. या बाईच्या हाताला गुण नाही. तिने या गावात आणि मंगरूळच्या आपल्या ओळखीच्या घरांत यापुढे बांगडी भरू नये. दादांनी लगेच होकार दिला. पिठाचं त्यांनी हसण्यावारी नेलं. मंगरूळला इंजिनची चक्की बसली होती. गहू आणि ज्वारी तीन गाड्यांतून गेली आणि तिसऱ्या दिवशी पीठ होऊन आली. जातं लग्नाला लागतंच असं नाही, हे आमच्या घराला एका दुपारी कळलं. अकरा जणींना दळायला पुन्हा बोलावलं नाही, आणि त्या वर्षी वेचणीलाही नाही. केसर नवऱ्याला घेऊन कुठल्या तरी जिनिंगच्या गावाला गेली, असं मी माहेरपणाला आले तेव्हा समजलं. कोणत्या गावाला, ते कोणाला माहीत नव्हतं. मीही फार विचारलं नाही.

माझ्या सासरी वर्तमानपत्र खरंच येत असे. पहिल्या आठवड्यापासून मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. त्यातूनच पुढे लिहिणं, नोकरी, स्वतःची मिळकत, हे पुस्तकसुद्धा. हिशेबाची ही बाजू मी कधी नाकारलेली नाही. लोक मला विचारतात की खेड्यातल्या, तेव्हाच्या काळातल्या मुलीला एवढं कसं जमलं, आणि मी सासऱ्यांच्या उदारपणाचं नाव सांगते. ते उदार होतेच. अंगणातल्या त्या दुपारनंतर त्यांनी माझ्यावर कधी अविश्वास दाखवला नाही.

 निकालानंतर राबियाबीने पेटारा खाली ठेवला, त्यात राहून गेलेला साध्या बांगड्यांचा आमचा दुसरा जुडा काढून ओसरीच्या कडेला ठेवला, दोरी परत बांधली. केसरच्या पाठीवरून हात फिरवला. फाटकाकडे जाताना ती माझ्याजवळ थांबली. ती शिव्या देईल असं मला वाटलं आणि दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने माझा उजवा हात धरला, अंगठ्याच्या बुडाशी सवयीने दाबलं, आणि हळू, फक्त मला ऐकू जाईल असं बोलली.

"बाई, पस्तीस साल झाले. भरताना माह्या हातून सवाष्नीची एक बी बांगडी गेली नाई. तुमी वरून पाहून राह्यल्या होत्या."

मी हो म्हणाले. तिने हात सोडला आणि ती गेली.